धागा: चेनसॉवरची घरगुती लाकूड-गिरणी – तुळई मधोमध बारीक का निघतेय?

खोडकर (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. आज पहिला धागा काढतोय आणि तोही रडगाण्याचा, सांभाळून घ्या.

गेलं वर्षभर सुट्टीच्या दिवशी थोडं थोडं करत चेनसॉवर चालणारी लाकूड कापायची गिरणी बनवली. बारला (चेन जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी) चौकट आवळून ओंडक्यावरूनच ढकलत नेतात, ती अलास्कन म्हणतात तसली नव्हे. माझ्याकडे जमिनीवर दोन रूळ, रुळांवर चार चाकांचा गाडा, गाड्यावर चेनसॉ आडवा निजवलेला, आणि ओंडका रुळांच्या मध्ये स्थिर. रूळ म्हणजे ४० बाय ४० बाय ५ चे अँगल, चार मीटर लांब, कोपरा वर करून ठेवलेले. त्यामुळे भुसा वर साचत नाही, घसरून पडतो. चाकं खाचेची. गाडा ४० मिमीच्या चौकोनी पाइपचा.

उंची खाली-वर करायला चार कोपऱ्यांत १६ मिमीचे आटेवाले रॉड आहेत. चारही एकदम फिरावेत म्हणून प्रत्येकाच्या डोक्यावर सायकलचं चक्र बसवून एकाच चेनने जोडलेत. या भागावर मी स्वतःवरच जाम खूश आहे. या रॉडचा एक फेरा म्हणजे २ मिमी. पट्टी लावायची गरज नाही, फेरे मोजायचे.

चेनसॉ ७२ सीसीचा, बार २५ इंची, चेन ३/८ इंच मापाची, दुकानातून आली तशीच. बारचं टोकही गाड्याला पकडलंय, मोकळं नाही. दोन्हीकडची पकड वजा जाता २५ इंचातले हातात जेमतेम २० उरतात.

आता रड. ओंडक्याची वरची बाजू कापली, ओंडका उलटा केला, समोरची बाजू कापली. हाती आलेली तुळई टोकांना २०० मिमी आणि बरोबर मधोमध १८८. दुसरा ओंडका घेतला, तेच. गाडा लवत असणार म्हणून दोन आडवे पाइप आणखी वेल्ड केले. ढिम्म फरक नाही. आता तिरक्या पट्ट्या टाकायच्या विचारात आहे. लोखंड नेमकं कुठे वाढवू? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

उगाच_प्रश्न
भारी काम! चार रॉडची आयडिया ढापणार आहे. फोटू टाका ना. आणि हे गाडा वगैरे कशाला? शिडी ठेवून अलास्कन का नाही केली?

भुसाभरती
धागाकर्ते, रागावू नका, पण तुम्ही वर्षभर खपून भुसा बनवायचं मशीन बनवलंय. चेन ९ मिमी लाकूड खाते. बँडसॉचं पातं अडीच. एवढं वेल्डिंग येतंय तर दोन चाकं आणि एक मोटर लावून बँडसॉ गिरणीच का नाही केली?

खोडकर
@उगाच_प्रश्न, अलास्कनने सुरुवात केली होती. सांगाडा सोपा असतो, ओंडका पडलेला असेल तिथे जाऊन कापता येतो. पण पहिल्या कापाला शिडी किंवा सरळ फळी ओंडक्यावर ठोकायची, नंतर तो अख्खा सांगाडा पोटाशी धरून वाकून ढकलत न्यायचा. दोन ओंडक्यांत कंबर बोलायला लागली. फोटो टाकतो, फोनवरून चढत नाहीयेत.
@भुसाभरती, चेनसॉ घरात होता, बँडसॉ नव्हता. एवढं साधं कारण.

रंधावाला
भुसाभरतींचा हिशोब अर्धाच आहे. ३०० मिमी जाडीची तुळई घ्या. २५ मिमीच्या फळ्या काढायच्या तर चेनसॉवर ९ निघतात, बँडसॉवर ११. दोन फळ्या भुशात, कबूल. पण ५० मिमीचे फळे काढा: चेनसॉवर ५, बँडसॉवरही ५. सहावा दोन्हीकडे बसत नाही, बँडसॉवर फक्त उरलेली चकती बरीच जाड असते. बाक, टेबलाचा माथा, तुळया, वासे असं जाड काम असेल तर चेनसॉत फारसं बिघडत नाही. रोज पातळ फळ्या काढणाऱ्याने मात्र चेनसॉच्या नादी लागू नये.

भुसाभरती
+१. जाड मालाचं मान्य. तरी भुसा तो भुसाच.

पाणसळ
मंडळी, तुळई १२ मिमी बारीक का, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

खोडकर, तिरक्या पट्ट्या वेल्ड करू नका. आधी दोन गोष्टी सांगा. एक, मधोमध म्हणजे लांबीच्या मधोमध की रुंदीच्या? दोन, ओंडका उलटा करण्याआधी एकाच बाजूने ओळीने दोन-तीन फळ्या काढल्यात का कधी? त्यांची जाडी कशी आली?

खोडकर
लांबीच्या मधोमध. रुंदीत बघितलं नाही.
फळ्या काढल्यात. गंमत म्हणजे त्यांची जाडी सगळीकडे जवळपास सारखी, मिमी-दोन मिमीचा फरक. म्हणून तर डोकं चालेना. फळ्या बरोबर आणि तुळई चूक!

पाणसळ
मग गाड्याला विनाकारण शिक्षा झाली. तुमचे रूळ मध्ये झोपलेत.

असं बघा. रूळ मधोमध ६ मिमी खाली असतील तर गाडा तिथे ६ मिमी खाली उतरतो आणि कापही तसाच घसरगुंडीसारखा होतो. पुढच्या कापालाही गाडा त्याच वाटेने उतरतो. दोन्ही कापांचा बाक एकसारखा, म्हणून मधल्या फळीची जाडी बरोबर येते. फळी वाकडी असते, पण कॅलिपरला वाकडेपणा दिसत नाही. सपाट जागी ठेवून टोक दाबा, डुलेल.

ओंडका उलटा केलात की पहिला खोलगट काप खाली गेला आणि वरून दुसरा तसाच खोलगट काप झाला. दोन खोलगट भाग एकमेकांसमोर. ६ अधिक ६, तुमचे १२.

मोजायचं असं: बारीक दोरी ताणून रुळाच्या दोन्ही टोकांना २० मिमीचे ठोकळे ठेवून त्यांवरून न्या. दोरी आणि रूळ यांच्यातली फट दर अर्ध्या मीटरवर मोजा. जिथे २० पेक्षा जास्त, तिथे रूळ खाली.

वाळवी
दोरी आणि ठोकळा. आणि हे महाशय वेल्डिंग रॉडचं पाकीट संपवून बसलेत.

खोडकर
(दोन दिवसांनी)
फळी गच्चीच्या फरशीवर ठेवली. डुलते. @पाणसळ, दंडवत.
पण दोरी लावली तर मध्ये फट २२. म्हणजे झोळ फक्त २ मिमी. ६ कुठेत?

पाणसळ
ओंडका रुळांमध्ये ठेवून मोजलंत की रिकामे रूळ मोजलेत?

खोडकर
रिकामे.

पाणसळ
ओंडका ठेवायचे आडवे पाइप रुळांनाच वेल्ड केलेत ना? मग वजन कोणाच्या डोक्यावर? ५० सेमी व्यासाचा, तीन मीटरचा ओंडका म्हणजे साधारण अर्धा ते पाऊण घनमीटरच्या मध्ये लाकूड. ओलं असेल तर सहज सहाशे किलोच्या आसपास. ओंडका चढवा आणि पुन्हा दोरी लावा.

खोडकर
२५.५.
बोलती बंद.

रंधावाला
या चुकीचा पुढचा अंकही आहे. ओंडका कापत जाल तसं वजन कमी होतं, रूळ हळूहळू वर येतात. पहिल्या कापाचा झोळ साडेपाच आणि शेवटच्याचा तीन. फळ्यांत तो मिमी-दोन मिमीचा फरक येतोय म्हणालात, त्यातला काही इथला असणार. ओंडक्याचं वजन वेगळ्या टेकूंवर घ्या आणि रुळांवर फक्त गाड्याचं राहू द्या.

खोडकर
(पुढच्या आठवड्यात)
केलं. आडवे पाइप रुळांपासून कापून वेगळे केले. ओंडका आता जमिनीवर बसवलेल्या जाड लाकडी ठोकळ्यांवर टेकतो. रुळांखाली दर ६० सेमीवर टेकू, आणि पत्र्याच्या चकत्या सारून दोरीला बरोबर आणले. ओंडका चढवून मोजलं, कुठेही अर्ध्या मिमीच्या वर फरक नाही.

नवी तुळई: टोकांना २००, मध्ये १९९. पार्टी माझ्याकडून!

पण (पण असणारच) पाणसळांच्या प्रश्नामुळे या वेळी रुंदीतही पट्टी लावली. कापलेल्या बाजूवर आडवी पट्टी उभी धरली तर मधोमध ३ मिमी उजेड दिसतो. पन्हाळीसारखं. हे आता काय?

कानसकुमार
हे माझ्या खात्यातलं. चेन उतरवा, कॅलिपर घ्या, डावे दात आणि उजवे दात वेगवेगळे मोजा. दाताच्या वरच्या पत्र्याची लांबी. मोजून इथे आकडे टाका, मग बोलू.

खोडकर
डावे सरासरी ७.१ मिमी. उजवे ८.२.
मी उजव्या हाताचा आहे आणि धार नेहमी बैठकीत बसून लावतो, हे आधीच कबूल करतो.

कानसकुमार
सगळ्यांचं होतं. एका बाजूचे दात घासताना हात नैसर्गिक फिरतो, जोर बसतो. दुसऱ्या बाजूला मनगट मुरडून घासतो, जोर कमी. दहा वेळा धार लावली की मिलिमीटरचा फरक पडतो.

दाताची पाठ मागच्या बाजूला उतरती असते. त्यामुळे दात झिजला की नुसता आखूड होत नाही, बुटका होतो आणि अरुंदही होतो. मोठे दात जास्त खोल घुसतात आणि चेन स्वतःकडे ओढतात. उभं झाड कापताना काप वळतो, तेव्हा लगेच कळतं. तुमच्या गिरणीत बार आडवा आहे, म्हणजे डावे-उजवे आता वर-खाली झालेत. चेनला खाली जायचंय, पण बारची दोन्ही टोकं तुम्ही आवळून धरलीत. मग बार मध्येच धनुष्यासारखा वाकतो. पन्हाळ ती हीच.

उपाय: सगळ्यात लहान दात शोधा आणि बाकीचे सगळे त्याच्या मापाला आणा. जिवावर येईल, अर्धी चेन कानशीत जाते. पण मध्येच थांबू नका. दात लहान झाले की रेकर (दातापुढचा तो उंचवटा) उंच ठरतात, मग चेन चावत नाही, नुसती घासते. रेकर दाताच्या टोकापेक्षा ०.६५ मिमी खाली ठेवा, मापाची पट्टी मिळते. सगळे सारखे. एक जरी रेकर खोल गेला तर तेवढाच दात झटका देतो.

आणि चेन उतरवलीच आहे तर बारही बघा. बार सपाट काचेवर उभा धरा, गुण्या लावा. त्याच्या दोन कडा समान उंचीच्या हव्यात. एक कड झिजली असेल तर चेन कलते, मग कितीही धार लावा, काप तिरकाच जाणार.

उगाच_प्रश्न
कोनाचं काय? चेन दुकानातली आहे म्हणाले. मी ऐकलंय फळ्या काढायला वेगळी चेन लागते.

कानसकुमार
बरोबर ऐकलंय. दुकानातली चेन आडवं कापायला असते, दाताचा कोन ३० अंशांच्या आसपास. फांदी आडवी कापताना दात धाग्यांना सुरीसारखा बाजूने छाटतो, तिथे तिरका दात चांगला. फळी काढताना गाडा ओंडक्याच्या लांबीने जातो, दातासमोर धाग्यांची टोकं येतात. तिथे दात रंध्यासारखा समोरासमोर हवा. म्हणून रिपिंग (लांबीने फळ्या काढायच्या) चेनला कोन १० अंश. काप गुळगुळीत येतो, बाजूची ओढ कमी होते.

नवी चेन आणायलाच हवी असं नाही. आहे ती दर धारेला थोडी थोडी १० कडे आणत न्या. ३/८ च्या नेहमीच्या चेनला साडेपाच मिमीची गोल कानस. बारीक, लो-प्रोफाइल चेन असेल तर ४ मिमीची. लो-प्रोफाइलचा काप अरुंद, भुसा कमी, इंजिनाला सोपं. पण ती नाजूक असते, ७२ सीसीवर लांब बारला मी लावणार नाही.

भुसाभरती
बघा, भुसा कमी करण्याची गोष्ट शेवटी निघालीच.

दोन_स्ट्रोक
उशिरा आलो, पण इंजिनाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. माझा एक चेनसॉ या नादात गेलाय.

झाड पाडताना चेनसॉ वीस-तीस सेकंद पूर्ण जोरात चालतो, मग दम घेतो. गिरणीत एका कापाला चार-पाच मिनिटं सलग पूर्ण रेसवर. हवेने थंड होणारं इंजिन आहे, पंख्याच्या जाळीवर भुशाची साय धरली की संपलं. माझा पिस्टन सायलेन्सरच्या बाजूने असा खरवडला होता की जणू कोणी पॉलिश पेपर मारलाय. मिश्रण थोडं पातळ सेट होतं, म्हणजे हवा जास्त, इंधन कमी. जंगलात तेच सेटिंग वर्षभर चाललं होतं, गिरणीत तिसऱ्या ओंडक्याला राम म्हटला.

तेव्हापासून: कार्ब्युरेटरचा जोराचा (पूर्ण रेसच्या इंधनाचा) स्क्रू जरासा उघडा ठेवतो. मोकळ्या रेसवर इंजिन फडफडतं आणि लाकडात शिरलं की आवाज स्वच्छ होतो, ती जागा योग्य. मात्र काही इंजिनांच्या कॉइलमध्येच रेस अडवायची सोय असते. तीही तशीच फडफडते आणि कान फसतो. अशा इंजिनाला कानाने नाही, टॅकोमीटरने (इंजिनाचे फेरे मोजायचं यंत्र) लावायचं. तेल कंपनीने सांगितलंय त्या प्रमाणाच्या खाली कधीच नाही. ५०:१ असेल तर लिटरला २० मिली, ४०:१ असेल तर २५. काप संपला की लगेच बंद करू नका, अर्धा-एक मिनिट मंद चालू द्या. एअर फिल्टर दर टाकीला झटका.

चेनसॉ आडवा निजवलाय, म्हणून आणखी एक. कार्ब्युरेटरला फरक पडत नाही, तो पडद्याचा असतो, कसाही धरा चालतो. पण बारच्या तेलाची नळी टाकीत कुठे टोक काढते ते बघा. माझ्या चेनसॉत आडवं ठेवल्यावर अर्ध्या टाकीनंतर तेल येणंच थांबायचं. बार निळा पडला तेव्हा कळलं.

खोडकर
@दोन_स्ट्रोक, बारच्या टोकाकडे थेंब थेंब तेल सोडायची नळी लावू का? बाटली, व्हॉल्व्ह आणि तांब्याची बारीक नळी असं डोक्यात आहे.

दोन_स्ट्रोक
२५ इंचीला चालून जातं, ३० च्या पुढे लावाच. पण नळी लावताना टोक नीट पकडलंय ना ते बघा. तुम्ही टोकाला आवळलंय म्हणालात, नेमकं कुठे?

खोडकर
अगदी टोकाला. जिथे ते चक्र असतं.

दोन_स्ट्रोक
अरे देवा. तिथे नको! टोकाच्या चक्रात बेअरिंग असतं. दोन्हीकडून आवळलं की ते चेपतं, गरम होतं, जाम होतं. चक्राच्या रिव्हेटच्या मागे, सलग पोलादावर पकडा. दोन इंच रुंदी कमी होईल, होऊ दे.

खोडकर
आत्ताच जाऊन हात लावून बघितला, टोक खरंच जांभळट झालंय. मला वाटलं चिकाचा डाग.

उगाच_प्रश्न
बारला भोक पाडून सरळ बोल्ट टाकला तर? पकड सटकायची भीतीच नको.

कानसकुमार
पाडतात. बारच्या कडा कडक केलेल्या असतात, मधला भाग त्या मानाने मऊ. मध्ये कार्बाइडचं ड्रिल सावकाश चालवलं तर जातं. साध्या ड्रिलची टोकं नुसती जळतात. दोन जाळून बघितलीत. चेनच्या खाचेच्या जवळ मात्र जाऊ नका.

वाळवी
एक प्रश्न. इंजिन गाड्यावर, माणूस गाड्याच्या मागे. रेस कोण धरतं?

खोडकर
…तारेने बांधतो.

रंधावाला
बांधू नका. हे एक बदला, बाकी सगळं नंतर. गाडा गाठीवर अडकला, चेन तुटली, पाय घसरला, तर तार तुमचं ऐकणार नाही. सायकलच्या ब्रेकची केबल रेसच्या खटक्याला जोडा आणि ब्रेकचा दांडा गाडा ढकलायच्या हँडलवर बसवा. दाबला तर रेस, सोडला तर मंद. हात निसटला की चेन आपोआप थांबते.

आणि बारच्या रेषेत उभे राहू नका. तुटलेल्या चेनचं टोक चाबकासारखं त्याच पातळीत येतं. बारच्या टोकावर आणि तुमच्या बाजूला जाड पत्र्याची ढाल लावा. सायलेन्सरचं तोंड तुमच्याकडे असेल तर पत्रा वाकवून धूर दुसरीकडे वळवा. शेडमध्ये तर अजिबात नको, त्या धुराला वास येवो न येवो, डोकं जड होतं तोपर्यंत उशीर झालेला असतो.

खोडकर
ब्रेकची केबल! चार रॉडना सायकलची चेन लावली आणि हे सुचलं नाही. उद्याच.

पाणसळ
सायकल मोडीत काढलीच आहे तर घंटीही लावा.

खोडकर
(तीन आठवड्यांनी)
अहवाल.

चेनचे सगळे दात ७ मिमीला आणले. दोन संध्याकाळी गेल्या. या वेळी दर दाताला सारखेच फटके, मोजून, आणि डाव्या बाजूला बसायची जागाच बदलली. रेकर पट्टीने. कोन तूर्त २० च्या आसपास आलाय, पुढच्या धारांना आणखी खाली नेतो. बारची एक कड खरंच बुटकी होती, सपाट कानशीने दोन्ही सारख्या केल्या. टोकाची पकड मागे घेतली. केबल बसली. हात सोडला की इंजिन असं मवाळ होतं की उगाच दोन-तीनदा सोडून बघितलं.

पन्हाळ ३ मिमीवरून पाऊण मिमीवर. भुसाही बदलला, आधी पीठ पडायचं, आता कणीदार पडतो.

नवीन चूक मात्र केली. २७ मिमीची फळी हवी होती, गाडा २७ मिमी खाली नेला. फळी आली १८ ची. चेन खाते ते ९ मोजायचे राहिले. २७ आणि ९ मिळून ३६, म्हणजे १८ फेरे. आता खडूने पाइपवर लिहून ठेवलंय: "९ विसरू नकोस".

@रंधावाला, नवीन ओंडका निलगिरीचा होता. वरून दोन फळ्या काढल्या, तिसरी मध्ये जाड आणि टोकांना बारीक आली. रूळ पुन्हा मोजले, ठीक आहेत. चेनही ठीक. आता कोणाला शिक्षा करू?

रंधावाला
कोणालाच नाही, ओंडक्याचा स्वभाव आहे. झाड वाढताना बाहेरचं लाकूड ताणात असतं आणि गाभा दाबात. निलगिरीत हे फार. वरचा ताणलेला थर काढून टाकलात, खालचा तसाच राहिला. तो आखडतो आणि ओंडका मध्ये वर फुगतो, मांजर पाठ काढतं तसा. गाडा मात्र सरळच जातो. मग पुढची फळी मध्ये जाड येणारच.

एका बाजूने खात जाऊ नका. वरून एक, ओंडका उलटा, समोरून एक, असा तोल राखत जा. गाभा शेवटी एका जाड तुळईत अडकवून ठेवा, फळीत घेतलात तर ती चिरणार. आणि ओंडका बसवताना बुंध्याकडची आणि शेंड्याकडची उंची गाभ्यापासून मोजून सारखी करा. साल सपाट दिसते म्हणून फसू नका, बुंधा जाडच असतो. शेंड्याखाली ठोकळा द्यावा लागतो.

कापताना मागे पाचर मारत चला, लाकडाची किंवा प्लास्टिकची. वरची फळी वजनाने बसून बार चिमटते. लोखंडी पाचर नको, एकदा चेन तिला भेटली की कानसकुमारांचं काम वाढतं.

भुसाभरती
फळ्यांच्या टोकांना लगेच रंग किंवा मेण फासा हो. मी एकदा "उद्या लावू" म्हणालो, सकाळी टोकाला बोटभर चीर. पाणी टोकाकडून फार भराभर उडतं. बाकी मला भुशाचंच कळतं असं नाही.

खोडकर
रंग लावलाय. खाली ठोकळे, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या, प्रत्येक पट्टी खालच्या पट्टीच्या बरोबर वर, दोन फुटांवर. वरून जड दगड. इंचाला वर्ष म्हणतात, तेवढं थांबायची तयारी आहे. तुळईसाठी जरा जास्तच थांबावं लागणार.

ती १८ मिमीची चुकलेली फळी वर वेगळी ठेवलीय. तिचं काय करायचं ते ठरलेलं नाही.

उगाच_प्रश्न
फोटू???

वाळवी
फोटो राहू दे. रास जमिनीपासून किती उंचावर ठेवलीय ते सांगा. माझ्यासाठी विचारतेय.

खोडकर
दीड फूट. आणि ठोकळ्यांखाली पत्रा आहे.